ट्रकला न भिणारा मिक्सरला का भितो?

नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला वाढलेलं कुत्रं. कानाशी मालट्रकचा भोंगा वाजला तरी मान वळवत नाही, उसाच्या ट्रॅक्टरला वाट देतानासुद्धा आधी आळोखेपिळोखे देतं. कुणाला तरी दया येते, ते त्याला घरी आणतात. दुसऱ्या दिवशी आई शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावते आणि पठ्ठ्या थेट पलंगाखाली! शेपूट पायांत, कान मागे, तोंडाने धाप. घरातले हसतात.

हसू नका. तो ऐकतोय ते तुम्हाला ऐकूच येत नाहीये.

माणसाला सेकंदाला साधारण 20,000 कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला जवळजवळ 45,000 पर्यंतचे. आता कुकरची शिट्टी आठवा. वाफ बारीक भोकातून जोरात सुटते, तेव्हा आपल्याला ऐकू येणाऱ्या फुस्स आवाजाच्या वरच्या पट्टीतही बरंच काही वाजत असतं. कारखान्यात गॅसची बारीक गळती शोधायची यंत्रं हेच वरचे आवाज टिपतात. आपल्या कुत्र्याला यंत्र लागत नाही.

पण नुसता कानाचा दोष असता, तर तो भोंग्यालाही घाबरला असता. दुसरी गोष्ट आहे बालपणाची. जन्मल्यावर पहिले सुमारे दोन आठवडे पिल्लाच्या कानांची भोकं बंदच असतात. मग ती उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून तीनेक महिन्यांचं होईपर्यंत पिल्लू जे ऐकेल, हुंगेल, पाहील, ते त्याच्या हिशेबी ‘नेहमीचं’ ठरत जातं. नगरजवळच्या के. के. रेंजवर लष्कराचे रणगाडे गोळाफेकीचा सराव करतात. तिथल्या एखाद्या वाडीत जन्मलेल्या पिल्लाला तो धडाम् कदाचित रोजचाच वाटेल. आपल्या रस्त्यावरच्या गड्याला ट्रक रोजचा. मिक्सर मात्र त्याने आयुष्यात ऐकलेला नाही. त्यातून कुणी कधी दगड-काठी मारली असेल, तर अचानक आलेला प्रत्येक आवाज त्याला वाईटाची वर्दी वाटतो.

मग ही भीती घालवायची कशी? यावरचा एक छान प्रयोग कुत्र्यावर नाही, एका मुलावर झाला. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी 1924 साली तो प्रसिद्ध केला. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला आवडीचा खाऊ दिला आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. पुढच्या वेळी जरासा जवळ. असं करत करत पीटर सशाला कुरवाळू लागला. बाईंनी ना त्याला दटावलं, ना ससा त्याच्या अंगावर टाकला.

आपल्याकडे सशाच्या जागी मिक्सर. मोठ्या कुणालातरी मदतीला घ्या. कुत्रा अंगणात, मिक्सर स्वयंपाकघरात, दार बंद. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, म्हणून लांबून सुरुवात. मिक्सर क्षणभर घुर्रर्र, आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आधी आवाज, मग अंडं. हा क्रम उलटा झाला तर अंडं दिसताच तो ‘आता मिक्सर येणार’ म्हणून पळेल! मात्र कांदा-लसूण घातलेलं काही नको. आपला जिल्हा कांद्याचा खरा, पण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

अंडं त्याने मटकावलं, तर उद्या दोन पावलं जवळ. अंड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर समजा की आवाज फार झाला. घाबरलेल्याची भूक पळते, त्यामुळे खाणं हीच आपली मोजपट्टी. पुन्हा लांब न्या. बांधून ठेवून आवाज ऐकवणं मात्र साफ चूक. तो थरथर कापत असेल, दिवसभर खात नसेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. अशा भीतीवर औषधंही असतात.

मोबाइलवर मिक्सरचा आवाज रेकॉर्ड करून बारीक लावला तर? सुरुवातीला चालेल. पण फोन साधारणपणे माणसाच्या कानापुरतंच टिपतो, वरची पट्टी गाळून टाकतो. म्हणून रेकॉर्डिंगला शांत बसलेला कुत्रा खऱ्या मिक्सरला पुन्हा दचकू शकतो. तो नाटकं करत नसतो; त्याच्या लेखी हे दोन वेगळे आवाज आहेत.

मिक्सर निदान दिसतो तरी. फटाका कुठून, कधी वाजेल याचा नेम नाही. त्याची तयारी वसुबारसेला सुरू करून भागत नाही. श्रावणातच फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक लावून, अंडं हातात घेऊन बसायचं. आणि दिवाळीच्या रात्री आतली खोली, बंद खिडक्या, चालू पंखा. त्याने पलंगाखालचा कोपरा धरला, तर धरू दे. आपणहून कुशीत आला, तर खुशाल थोपटा. ‘लाड केले की आणखी घाबरट होतो’ असं कुणी मोठं माणूस म्हणालं, तर त्यांना जोन्सबाईंचा ससा सांगा.