शेततळं भरायला अंदाजापेक्षा जास्त वेळ का लागतो?

महागाव तालुक्यातल्या एखाद्या शेतात तुम्ही शेततळं भरताय असं समजा. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं ओळखीचं माप घेऊ: वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. बाजू उताराच्या, म्हणून तळाशी 24 बाय 24. पंप तासाला 36 घनमीटर पाणी टाकतो. (पाझर आणि बाष्पीभवन सध्या विसरू.)

पहिल्या तासात पातळी सुमारे सव्वासहा सेंटिमीटर चढते. त्या हिशेबाने तळं 48 तासांत भरायला हवं. लागतात 61. रोज आठ तास वीज मिळत असेल, तर सहा दिवसांचं काम आठव्या दिवसावर जातं.

पंप तोच, पण तळं वर रुंद होत जातं. पातळी जराशी चढली की पाण्याचा एक पातळ थर वाढतो. त्याचं घनफळ म्हणजे पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले थराची जाडी. म्हणून:

पाणी येण्याचा दर = पृष्ठभागाचं क्षेत्रफळ × पातळी चढण्याचा दर

तळाशी 36 ÷ 576, म्हणजे तासाला 6.25 सेंमी. काठोकाठ आल्यावर 36 ÷ 900, फक्त 4 सेंमी. कॅल्क्युलसमधली ‘रिलेटेड रेट्स’ची गणितं ती हीच. एक दर माहीत असतो, दुसरा शोधायचा असतो.

परीक्षेत घसरायला होतं ते एकाच जागी. ‘पातळी 3 मीटर असताना’ हे वाचून 3 लगेच घनफळाच्या सूत्रात घातला, की 2,196 घनमीटर हा स्थिर आकडा उरतो आणि त्याचं विकलन शून्य येतं. पंप चालू, पण उत्तर म्हणतं पाणी थांबलंय! आधी विकलन करा, 3 नंतर घाला. भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या गणितात शिडीची लांबी मात्र आधीच घातली तरी चालते. ती बदलतच नाही.