पॅनच्या झेरॉक्सवर दुसराच कोणी धंदा करतोय का?

३१ जुलैपर्यंत बंदी आहे, होड्या वर ओढल्यात. तेवढ्यात हे काम उरका.

डिझेल सबसिडी, कर्ज, सिमकार्ड, जिथे तिथे आपण पॅन-आधारची झेरॉक्स देतो. तिच्यावर कोणी आपल्या नावाने जीएसटी नोंदणी काढून खोटी बिलं फाडली, तर नोटीस आपल्या दारात येते. मासळी विकणाऱ्याने सिमेंटच्या उलाढालीचा हिशेब कुठून द्यायचा?

जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये पॅन टाकला की त्यावर कुठल्या राज्यात नोंदणी आहे ते दिसतं. लॉगिन नको, पैसे नकोत. अनोळखी नंबर निघाला तर जीएसटी कार्यालयात आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या, पोच घ्याच. आयकर पोर्टलवर एआयएससुद्धा बघा. आपला नसलेला व्यवहार असेल तर तिथेच तसं कळवता येतं.

यापुढे झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहून तारीख, सही करा. आधार मास्क केलेलं चालत असेल तर तेच द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

'रिफंड आलाय' म्हणून ओटीपी मागणारा आयकर खात्याचा नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. नोटीस आली तर कपाटात टाकू नका, सोसायटीत घेऊन या. ती खरी की खोटी, ते आयकर पोर्टलवर तपासता येतं.