अडीच घरं

ईसीजीचा कागद जवळून पाहिला तर त्यावर फिकट गुलाबी बारीक चौकटी दिसतात. एक चौकट म्हणजे एक मिलिमीटर. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक चौकट 40 मिलिसेकंदांची. प्रत्येक ठोक्याचा आकार ठरलेला: छोटा उंचवटा, मग सुळका, थोडी सपाटी आणि शेवटी एक गोलसर टेकडी. सुळक्याला सुरुवात होते तिथपासून टेकडी उतरून रेघ जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर म्हणजे 'क्यूटी'. नाडी मिनिटाला साठच्या आसपास असेल तर निरोगी माणसात त्यात साधारण दहा चौकटी बसतात, 400 मिलिसेकंद. साडेबारा बसल्या, म्हणजे 500 झाले, की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. मधला फरक अडीच घरांचा. बुद्धिबळातल्या घोड्याइतका, आणि चालही तशीच वाकडी.

सांगायची आहे ती मात्र पोटाच्या औषधाची गोष्ट.

जेवण झाल्यावर जठर नुसतं पिशवीसारखं लटकत नाही. ते अन्न घुसळतं आणि थोडंथोडं करून पुढे आतड्यात ढकलतं. हे ढकलणं मंदावलं की पोट दगडासारखं जड होतं, करपट ढेकर येतात, घशाशी आंबट येतं. अशा वेळी आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर पोटाला 'पुढे चल' म्हणणारं औषधही देतात. पूर्वी त्यासाठी मेटोक्लोप्रमाइड असायचं. ते मेंदूत शिरतं आणि क्वचित एखाद्याची, विशेषतः तरुण मुलामुलींची, मान अचानक एका बाजूला वळून ताठ होते. 1980च्या दशकात जॅन्सेन कंपनीने सिसाप्राइड आणलं तेव्हा डॉक्टर खूश झाले ते म्हणूनच. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. तिथल्या सिरोटोनिनच्या एका ग्राहकाला सिसाप्राइड चेतवतं, अॅसिटिलकोलिन जास्त पाझरतं आणि स्नायू कामाला लागतात. मान वाकडी होण्याची भीती नाही. अमेरिकेत 1993 साली त्याला रात्रीच्या छातीतल्या जळजळीसाठी परवानगी मिळाली. लहान मुलांसाठी ती नव्हती, तरी दूध ओकणाऱ्या तान्ह्या बाळांनाही ते सर्रास दिलं जात होतं.

आता हृदयाकडे. ठोका पडताना हृदयाच्या पेशीत आधी सोडियम घुसतं, मागून कॅल्शियम येतं आणि पेशी आकसते. पुढच्या ठोक्यासाठी तिला मूळ पदावर यायचं असेल तर आतलं पोटॅशियम बाहेर पडावं लागतं. दादरला लोकल थांबल्यावर उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांना जागा होत नाही, तसंच हे. पोटॅशियम बाहेर जाण्याची दारं अनेक असली तरी एक फार महत्त्वाचं आहे, त्याचं नाव हर्ग. (नावामागची कथा मजेशीर आहे. या दाराच्या जनुकात बिघाड असलेल्या माश्यांना ईथर दिलं की त्यांचे पाय थरथरायचे. साठच्या दशकातल्या अमेरिकी क्लबांत पोरं असंच नाचत, म्हणून त्या जनुकाला 'ईथर-आ-गो-गो' नाव पडलं. माणसात सापडलेलं त्याचं भावंड म्हणजे हर्ग.)

हर्गच्या दाराआड एक ऐसपैस पोकळी आहे आणि तिच्या भिंतीला चिकट जागा आहेत. औषधाचा रेणू पेशीच्या आतल्या बाजूने येतो, दार उघडलं की त्या पोकळीत शिरतो आणि भिंतीला चिकटून बसतो. उतरायचं नसलेला माणूस भलंमोठं बोचकं घेऊन डब्याच्या दारातच उभा राहिला की जे होतं, तेच इथे होतं. पोटॅशियम बाहेर पडतं, पण रेंगाळत. पेशीला मूळ पदावर यायला उशीर होतो. कागदावर टेकडी पुढे सरकते. क्यूटी लांबतो.

एवढ्याने माणसाला काहीच जाणवत नाही. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही. पण पेशी अर्धवट सावरलेली असताना मध्येच एखादा चुकार ठोका आला, तर खालचे कप्पे भरधाव, बेताल धडधडू लागतात. त्या वेळी ईसीजीतले सुळके एकदा वर, एकदा खाली, दोरीला पीळ द्यावा तसे फिरताना दिसतात. देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी 1966 मध्ये या प्रकाराला 'तोर्साद द प्वांत', म्हणजे टोकांचा पीळ, असं नाव दिलं. हा पीळ काही सेकंदांत आपोआप सुटला तर माणूस घेरी येऊन पडतो आणि उठतो. नाही सुटला, तर उठत नाही.

मग सिसाप्राइड घेणारे लाखो लोक धडधाकट कसे राहिले? त्याचं उत्तर यकृतात आहे. सिसाप्राइडची गोळी पोटात गेली की आतडं आणि यकृत मिळून तिचा निम्म्याहून जास्त भाग रक्तात पोहोचण्याआधीच मोडून टाकतात. हे काम मुख्यतः सीवायपी3ए4 नावाचं एक विकर करतं. एकच कारकून आणि टेबलावर पन्नास फायली, अशी त्याची अवस्था, कारण बाजारातली असंख्य औषधं त्याच्याच टेबलावरून जातात. काही औषधं तर त्या कारकुनाला अडवूनच धरतात. बुरशीवरचं किटोकोनॅझोल सोबत घेतलं तर रक्तातलं सिसाप्राइड सुमारे आठपट होतं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकंही त्याच माळेतली. ग्रेपफ्रूटचा, म्हणजे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेल्या फळाचा, रससुद्धा तेच करतो. नेहमीचीच गोळी, नेहमीच्याच वेळी, पण हृदयापाशी पोहोचते ती कित्येक गोळ्यांची मात्रा.

त्यात रक्तातलं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम उतरलेलं असेल तर धोका आणखी वाढतो. जुलाब, उलट्या, रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी, यातलं काहीही त्याला पुरतं. बायकांचा क्यूटी मुळात पुरुषांपेक्षा थोडा लांब असतो. काहींच्या घराण्यातच तो लांब असतो आणि त्याचा पत्ता कुणालाच नसतो.

1999 अखेरपर्यंत अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे सिसाप्राइडच्या संदर्भात हृदयाची लय बिघडल्याच्या 341 नोंदी जमल्या होत्या, त्यांत 80 मृत्यू. यातल्या 85 टक्के रुग्णांमध्ये वर सांगितल्यापैकी काही ना काही आधीपासून माहीत असलेलं कारण हजर होतं. म्हणजे इशारा आधीच दिलेला होता. वेष्टनावर काळ्या चौकटीत होता, 1998 मध्ये तो आणखी कडक झाला, डॉक्टरांना पत्रं गेली. नंतर चिठ्ठ्या तपासल्या तेव्हा आढळलं की ज्यांना द्यायचं नाही असं लिहिलं होतं, त्यांना ते जवळपास पूर्वीइतकंच दिलं जात होतं. मला या सगळ्या प्रकरणातली खरी बोचणारी गोष्ट ही वाटते. चूक रसायनात होती तितकीच ती 'छापलं की लोक वाचतात' या समजुतीत होती.

मार्च 2000 मध्ये कॅनडातली 15 वर्षांची व्हेनेसा यंग ही मुलगी हे औषध घेत असताना घरातच कोसळली आणि गेली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत ते बाजारातून काढण्याची घोषणा झाली, पुढे कॅनडातही. तिचे वडील टेरेन्स यंग नंतर खासदार झाले. धोकादायक औषध मागे घ्यायला लावण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा तिथे 2014 मध्ये झाला आणि त्याला तिचं नाव आहे. भारतात सिसाप्राइडवर बंदी आली ती 2011 मध्ये.

आपल्याकडे ती जागा रिकामी राहिली नाही. डोम्पेरिडोन आधीपासून होतंच. तेही जॅन्सेनच्याच प्रयोगशाळेतलं. ते काम वेगळ्या वाटेने करतं, डोपामिनला अडवून. मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे मान वाकडी होण्याचा त्रास विरळा. पण हर्गच्या दारात तेही उभं राहतं आणि मोडायला त्याच कारकुनाकडे जातं. शिरेतून द्यायचं डोम्पेरिडोन 1980च्या दशकातच बंद झालं, कारण जास्त मात्रा दिलेल्या कर्करुग्णांचं हृदय थांबल्याच्या घटना घडल्या. गोळीचा धोका त्यामानाने खूपच कमी. गाडी लागते म्हणून किंवा उलट्या होतात म्हणून दोन दिवस घेतलेल्या गोळीने घाबरून जाण्याचं कारण नाही. साठीपुढचं वय आणि दिवसाला 30 मिलिग्रॅमहून जास्त मात्रा, इथे नोंदी दाटतात. म्हणून 2014 मध्ये युरोपच्या औषधसंस्थेने ठरवलं: फक्त मळमळ-उलटीसाठी, प्रौढांना दिवसाला जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम, आणि शक्यतो आठवड्याच्या आत बंद.

आता आपल्या घरातली पट्टी उलटी करून पाहा. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या त्या अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये 40 मिलिग्रॅम पॅन्टोप्रॅझोल असतं आणि हळूहळू सुटणारं 30 मिलिग्रॅम डोम्पेरिडोन. युरोपातली दिवसाची कमाल मर्यादा एका कॅप्सूलमध्ये, आणि आठवड्याऐवजी वर्षानुवर्षं. त्यातलं पॅन्टोप्रॅझोल दीर्घकाळ घेतलं तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं, ते वेगळंच. नायट्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल लिहून दिलं असेल तर कारकूनही अडवला गेला. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते.

माझ्या मावशीचं वय 71. अशी कॅप्सूल ती तीन वर्षं घेत होती, जोडीला रक्तदाबाची गोळी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला तेव्हा डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकाने चौकटी मोजल्या. नाडीचा हिशेब लावून पावणेबारा भरल्या. त्यांनी पोटॅशियम तपासायला सांगितलं, कॅप्सूल बंद केली आणि नुसत्या पॅन्टोप्रॅझोलची चिठ्ठी लिहिली, 'डी नको', म्हणजे डोम्पेरिडोन नको, म्हणून खाली रेघ मारून. पुढच्या महिन्यात मी गेलो तर जेवणाच्या टेबलावर पुन्हा तीच पट्टी.

"अगं, ही का आणलीस?"

"साधी संपली होती रे. औषधवाला म्हणाला, तेच आहे काकू, उलट ह्यात एक औषध जास्त आहे."