शॉर्टहँड: स्पेलिंग विसरा, उच्चार लिहा

शेजारच्या निवृत्त स्टेनोकाकूंनी त्यांची जुनी वही दाखवली. माझ्या मुलीने लगेच विचारलं, "ही कुठली भाषा?" भाषा इंग्रजीच, लिहायची पद्धत पिटमनची. मी सध्या तीच शिकतेय, म्हणून थोडं सांगते.

आयझॅक पिटमन यांनी ही पद्धत १८३७ मध्ये प्रसिद्ध केली. नियम एकच, कानाला ऐकू येईल तेच लिहायचं. गुडघ्याच्या 'नी'मधला मुका 'के' इथे गायब!

मला सगळ्यात आवडतात ती व्यंजनं. 'प' आणि 'ब'ची तिरकी रेघ एकच. बारीक काढली की 'प', दाबून जाड काढली की 'ब'. उभी बारीक रेघ 'ट', जाड 'ड'. आडवी बारीक 'क', जाड 'ग'. क-ग, ट-ड, प-ब या जोड्या आपल्या वर्णमालेतही एकेका वर्गातल्याच, त्यामुळे ही मांडणी आपल्याला चटकन पटते. पेन्सिल मात्र मऊ हवी. बॉलपेनने रेघेची जाडी नीट दिसत नाही.

स्वर म्हणजे ठिपके आणि छोट्या रेघा. भरभर लिहिताना ते बहुतेक गाळतात. मग वाचायचं कसं? जागेवरून! प-टची आकृती ओळीच्या वर असेल तर 'पॅट', ओळीवर टेकली तर 'पेट', ओळ छेदून गेली तर 'पिट'. 'पॉट'सुद्धा वरच येतो; तिथे वाक्याचा संदर्भच कामी येतो.

म्हणून लिहिण्याइतकाच वाचण्याचा सराव करा, स्वतःचीच वही चार दिवसांनी उघडून.

कुणी शिकतंय का? काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.