बिग बँगची कल्पना एका फादरने मांडली, पण तिच्यात देव आणायला त्यांचाच विरोध होता

“हे तर आपल्या धर्मग्रंथात आधीच लिहिलंय, विज्ञानाला आत्ता कळलं.”

फॅमिली ग्रुपवर असा एखादा फॉरवर्ड अधूनमधून येतोच. धर्म कोणताही असो, मेसेजचा साचा तोच.

१९५१ मध्ये बराचसा असाच दावा थेट व्हॅटिकनमधून झाला होता. करणारे होते पोप पायस बारावे. आणि तो ऐकून अस्वस्थ झाले एक कॅथलिक धर्मगुरूच, फादर जॉर्ज लमेत्र. विश्वाला सुरुवात आहे, ही विज्ञानातली मांडणी मुळात त्यांचीच होती.

कोण होते फादर लमेत्र?

जन्म १८९४ चा, बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरातला. लूवेन विद्यापीठात इंजिनिअरिंग सुरू असताना पहिलं महायुद्ध पेटलं आणि ते सैन्यात भरती झाले. युद्धातून परतल्यावर इंजिनिअरिंग सोडून ते गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले. १९२० मध्ये डॉक्टरेट झाली, १९२३ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षाही झाली. त्यानंतर केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे आणि पुढे अमेरिकेत त्यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास केला.

विज्ञान आणि श्रद्धा या सत्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि आपण दोन्ही धरल्या, असं ते सांगत. पण एका वाटेवरचं सामान दुसऱ्या वाटेवर न्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

आइन्स्टाइननाही पटलं नव्हतं

विश्व स्थिर आहे, असं तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत. विश्व प्रसरण पावू शकतं, हे रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये गणिताने दाखवलं होतं. लमेत्र यांनी १९२७ च्या शोधनिबंधात हे गणित दुर्बिणीतून मिळालेल्या मोजमापांशी जोडलं. दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात, कारण खुद्द अवकाशच ताणलं जातंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये त्यांची आइन्स्टाइनशी भेट झाली. तुमचं गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे, असा शेरा तेव्हा मिळाल्याचं लमेत्र सांगत. १९२९ मध्ये एडविन हबल यांची निरीक्षणं प्रसिद्ध झाली आणि काही वर्षांतच आइन्स्टाइननीही विश्वाचं प्रसरण मान्य केलं.

लमेत्र आणखी एक पाऊल पुढे गेले. विश्व पसरत असेल, तर मागे जाताना ते लहान लहान होत जाणार. म्हणजे सुरुवातीला सगळं एकाच ठिकाणी असणार. १९३१ मध्ये त्यांनी ही ‘आदिम अणू’ची कल्पना मांडली. ‘बिग बँग’ हे नाव फ्रेड हॉएल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर वापरलं. गंमत म्हणजे हॉएल या सिद्धांताचे विरोधक होते. त्यांचे विद्यार्थी आणि आपले जयंत नारळीकर यांनीही बिग बँगवर अनेक वर्षं शास्त्रीय आक्षेप घेतले.

पोप काय म्हणाले आणि लमेत्र यांना काय खटकलं?

एका धर्मगुरूने विश्वाला सुरुवात होती म्हटल्यावर हा मागच्या दाराने बायबल आणतोय, अशी शंका काहींना आलीच. त्यात नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीत बोलले. देवाने प्रकाश निर्माण केला, त्या क्षणापर्यंत आजचं विज्ञान जाऊन पोहोचलंय, असा त्या भाषणाचा सूर होता.

लमेत्र यांच्या दृष्टीने इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होत होती. विश्व अमुक अवस्थेतून आजच्या अवस्थेत कसं आलं, हे भौतिकशास्त्र सांगतं. काहीच नसण्याऐवजी हे सगळं मुळात का आहे, हा प्रश्न श्रद्धेचा आणि तत्त्वज्ञानाचा. शिवाय सिद्धांत अजून वादात होता. श्रद्धा त्याच्यावर उभी केली आणि उद्या तो चुकीचा ठरला, तर श्रद्धेचं काय?

व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर डॅनियल ओकॉनेल यांच्याशी ते या विषयावर बोलले. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसमोर पुन्हा बोलले, तेव्हा तसा दावा त्यांनी केला नाही. पुढे १९५८ मध्ये लमेत्र यांनी जाहीरपणे सांगितलं, की आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून पूर्ण बाजूला आहे. देव न मानणाऱ्यालाही तो तितकाच मोकळा आहे.

याचा अर्थ त्यांचं चर्चशी बिनसलं असं नाही. ते शेवटपर्यंत धर्मगुरू राहिले. १९६० पासून त्याच विज्ञान अकादमीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं.

पुरावा मिळाला, पण कशाचा?

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर सापडली. ती आकाशाच्या सगळ्या दिशांनी सारखीच येत होती. सुरुवातीच्या तप्त विश्वाची ती उरलेली ऊब होती. जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना ज्या मुंग्या दिसायच्या, त्यातला थोडासा भाग या ऊबेचाच.

लमेत्र तेव्हा आजारी होते. जून १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याआधी थोडेच दिवस त्यांच्या सहकाऱ्याने ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवली होती. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने विश्वप्रसरणाच्या नियमाला हबल यांच्यासोबत लमेत्र यांचंही नाव द्यावं, अशी शिफारस केली.

विश्वाची ती जुनी ऊब सापडली, तेव्हा लमेत्र यांच्या विज्ञानाला बळ मिळालं. त्यांची श्रद्धा मात्र या पुराव्यासाठी थांबली नव्हती. पुढच्या वेळी ग्रुपवर ‘विज्ञानाने सिद्ध केलं’ असा फॉरवर्ड आला, तर त्यांचा प्रश्न विचारून बघता येईल: उद्या हाच शोध बदलला, तर आपला विश्वास कशावर उभा राहणार?