आतड्याचे दुखणे आणि घरातली माणसे

सोनोग्राफीत दोष नाही, रक्ततपासणी व्यवस्थित आहे, दुर्बिणीतून पाहूनही आतड्याला सूज वा जखम दिसत नाही, आणि तरीही पोटात कळ येते, गुबारा धरतो, घराबाहेर पडण्याआधी दोन-तीनदा शौचाला जावे लागते, अशा माणसाला घरात बहुधा ‘तुला काही झालेले नाही’ हेच ऐकावे लागते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे विधान चुकीचे आहे. इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, हा आतड्याच्या रचनेतला नव्हे, तर आतडे आणि मेंदू यांच्यातील संदेशवहनातला बिघाड आहे. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते. ते अतिसंवेदनशील झाले की निरोगी माणसाला जाणवणारही नाही एवढ्या वायूच्या ताणाने अनेक रुग्णांना खरीखुरी वेदना होते. तणावाने ती वाढते, पण म्हणून ती मनाचा खेळ ठरत नाही.

आयबीएसच्या निदानासाठी, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रोम ४’ निकषांनुसार, त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असावे आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेशी किंवा मलाच्या स्वरूपाशी, यांपैकी किमान दोहोंशी संबंध असावा. शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे किंवा रक्तक्षय दिसणे या गोष्टींवर मात्र आयबीएसचे लेबल लावून थांबता येत नाही. त्यांचा शोध वेगळा घ्यावाच लागतो.

घरच्यांच्या अविश्वासाने रुग्ण एकटा पडतो हे सहज समजते. अतिकाळजीचा परिणाम तितका सहज लक्षात येत नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात लिन वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वारंवार पोट दुखणाऱ्या आणि निरोगी अशा दोन्ही गटांतील मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी पाजण्यात आले. ज्या पालकांना दुखण्याविषयी आस्थेने विचारायला शिकवले होते, त्यांच्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, तर ज्यांनी मुलांचे लक्ष दुसरीकडे वळवले, त्यांच्या मुलांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. तरीही दुखणाऱ्या मुलांच्या पालकांना लक्ष वळवणेच अधिक अपायकारक वाटले, हा या प्रयोगातला सर्वांत हृदयस्पर्शी भाग म्हणावा लागेल, कारण ‘आता कसे वाटते?’ असे दर तासाला विचारणारी आई प्रेमापोटीच विचारत असते.

म्हणून आधाराची जागा शब्दांपेक्षा घरच्या व्यवस्थेत शोधणे श्रेयस्कर. एकच शौचालय असलेल्या घरात सकाळची पहिली पाळी न मागता मिळावी, पंगतीत आग्रह करणाऱ्या नातेवाइकाला दुसऱ्याच कोणी थांबवावे. स्वयंपाकघरात तर पुष्कळ करता येते. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाची, लहान आतड्यात न पचणारी शर्करा असते, जी मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि वायू तयार होतो; ज्वारीच्या भाकरीने पोळीची जागा बरीच भरून निघते. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात लालसर परतून, भाजी किंवा पाणी पडण्याआधी झाऱ्याने काढून घेतल्या, तर फोडणीत लसणाचा स्वाद राहतो, तीच भाजी सगळ्यांच्या ताटात जाते आणि एका माणसासाठी वेगळे पातेले चढवावे लागत नाही.