गरज आहे, पण मागणी नाही

वर्गातील शेवटच्या बाकावरचे मूल फळ्यावरील उदाहरण उतरवताना ३ चे ८ करते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि गुरुजींनी हटकले की मान खाली घालते. प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो, घरी बोलणी बसतात, आणि दोन-तीन वर्षांत ते मूल ‘ढ’ म्हणून ओळखले जाऊ लागते. फळा दिसत नाही, अशी तक्रार मात्र ते करीत नाही. ती ते करणार तरी कशी? ज्याने जग पहिल्यापासून पुसटच पाहिले, त्याला जग असेच असते असे वाटणे स्वाभाविक आहे. ज्याचा एकच डोळा अधू आहे, त्याचे दुखणे तर आणखी लपून राहते. कारण दुसरा डोळा काम भागवून नेतो आणि आईबापांनाही शंका येत नाही.

मुलांच्या दृष्टिदोषाच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही गरज आहे, पण मागणी नाही. बाजारपेठ मागणीला उत्तर देते, गरजेला नाही. आपल्याला कशाची उणीव आहे हे ठाऊक असेल आणि खिशात पैसे असतील, तरच माणूस दुकानाची पायरी चढतो. येथे उणीव ज्याला आहे त्याला ती उमगत नाही, आणि पैसे ज्याच्या हाती आहेत त्याला ती दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नंबरच्या चष्म्यावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आणला गेला, हे स्वागतार्हच होते. परंतु चष्मा स्वस्त झाल्याचा लाभ, आपल्या मुलाला चष्मा हवा आहे हे ज्याला कळले त्यालाच मिळणार. म्हणून मुलाने दवाखान्यात यावे अशी वाट न पाहता शासनाने मुलापर्यंत जावे, हा दयाधर्माचा नव्हे, तर शुद्ध आर्थिक तर्काचा निष्कर्ष आहे.

हा तर्क शासनाला उमगला नाही, असे म्हणता येणार नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि पुढे त्यात शाळकरी मुलांच्या दृष्टितपासणीचा समावेश झाला. शिक्षकाने तक्ता दाखवून प्राथमिक चाळणी करावी, संशयित मुलांची तपासणी नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने करावी आणि गरीब मुलांना चष्मे मोफत द्यावेत, अशी ही साधी व कमी खर्चाची रचना आहे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुले वर्षातून एकदा तपासावीत, असे त्यात ठरले. दृष्टिदोष, जन्मजात मोतीबिंदू, जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता हे सारे त्याच्या कक्षेत येते. योजनेची चौकट उत्तम आहे. प्रश्न आहे तो वेळेचा आणि मोजमापाचा.

प्रथम वेळेचा विचार करू. डोळ्याच्या प्रत्येक विकाराचे स्वतःचे पंचांग असते. अकाली जन्मलेल्या, वजनाने दोन किलोंहून कमी भरलेल्या बालकाचा दृष्टिपटल जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे. ती मुदत टळली तर कायमचे अंधत्व येऊ शकते. जन्मजात मोतीबिंदू दाट असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते. ‘आळशी डोळा’ सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्म्याने व चांगला डोळा काही काळ झाकून सुधारतो. पुढे यश दुर्मिळ होत जाते. म्हणजे मूल पाचवीत गेल्यावर तपासणी करणे हे काही विकारांच्या बाबतीत गाडी सुटल्यावर स्थानकावर पोहोचण्यासारखे आहे. तेव्हा शाळेच्या तपासणीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व प्रसूतिगृहाला आणि अंगणवाडीला दिले पाहिजे.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. किती मुले तपासली आणि किती चष्मे वाटले, हे आकडे अहवालात येतात. वाटलेला चष्मा तीन महिन्यांनी मुलाच्या नाकावर आहे की दप्तरात, हे त्यांवरून कळत नाही. चीनमधील गान्सू प्रांतात २००४ साली ग्रामीण प्राथमिक शाळांतून मोफत चष्मे देण्याचा एक प्रयोग अर्थशास्त्रज्ञांनी केला होता. त्याचे दोन निष्कर्ष चिंतनीय आहेत. वर्षभर चष्मा वापरल्याने मुलांच्या गुणांत जी वाढ झाली, ती वर्षाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्या वर्षापर्यंतच्या जादा शिक्षणाइतकी होती. आणि तरीही, फुकट देऊ केलेला चष्मा सुमारे तीस टक्के मुलांनी घेतलाच नाही.

याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. लहान वयात चष्मा लावला की डोळे अधिकच बिघडतात, हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नात अडचण येईल, ही धास्ती आहे. वर्गातील मुले ‘चष्मिष्ट’ म्हणून चिडवतात, ते वेगळेच. शिवाय ‘तालुक्याला नेऊन दाखवा’ अशी चिठ्ठी मजुराच्या हाती पडते, तेव्हा तपासणी फुकट असली तरी त्याचा रोज बुडतो आणि एस.टी.चे भाडे पडते. ती चिठ्ठी मग कोनाड्यात राहते.

यावर शिक्षकांचा आक्षेप असा येईल की, जनगणना, निवडणुका आणि पोषण आहार सांभाळून आणखी एक काम त्यांच्या माथी का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच शिक्षकाकडून केवळ प्राथमिक चाळणीची अपेक्षा धरावी. नंबर काढणे आणि चष्मा शाळेतच आणून देणे ही जबाबदारी आरोग्य खात्याची असावी. चष्मा फुटला तर दुसरा मिळण्याची सोय हवी, कारण मुलांचे चष्मे फुटणारच. विनाअनुदानित शाळांतील आणि शाळेबाहेरची मुलेही या जाळ्यात आली पाहिजेत. स्वस्त खासगी शाळेची फी कशीबशी भरणारा पालक श्रीमंत असतो असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जिल्ह्याच्या कामाचे मूल्यमापन तपासलेल्या मुलांच्या संख्येवर न करता, सत्राच्या अखेरीस चष्मा लावून वर्गात बसलेल्या मुलांच्या संख्येवर व्हावे. सरकारी यंत्रणा जे मोजले जाते तेच करते, हा अनुभव जुना आहे.

शाळेच्या इमारती, शिक्षकांचे पगार, पाठ्यपुस्तके यांवर शासन मोठा खर्च करते. फळ्यावरील अक्षर ज्या मुलाला दिसतच नाही, त्याच्यापुरता या खर्चाचा मोठा भाग वाया जातो. तो वाचवण्यासाठी लागणारी रक्कम त्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. शेवटच्या बाकावरचे ते मूल काहीही मागणार नाही. कारण आपले काय हरवले आहे हे त्याला माहीतच नाही. ते शोधून त्याच्या हाती देणे हे ज्यांना दिसते त्यांचे काम आहे.